मालक, तुमच्या सुपरवायझरचा बायोडाटा कधी वाचलाय का?

प्रति,
अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले, पूर्व भागातले टॉवेल, चादर आणि गारमेंटचे कारखानदार,
तसेच त्यांच्या गादीवर आता बसू लागलेली पुढची पिढी,
सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी बोनसच्या वेळी आणि मार्चएंडला, म्हणजे वर्षातून दोनदा तरी, तुमच्या ऑफिसात एकच तक्रार ऐकू येते. माणसं मिळत नाहीत. मिळाली तर शिकत नाहीत. शिकली की हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला जातात. मग ठरलेली कारणं निघतात: पुण्यात पगार जास्त, इथे पाण्याची बोंब, पोरांना मॉल पाहिजे, हल्लीच्या पिढीला कष्ट नकोत.

यातलं सगळंच खोटं नाही. पाण्याचं तर सोलापूरकराला वेगळं सांगायलाच नको. पण मी बरीच वर्षं या शहरातल्या कारखान्यांत आधी टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं खातं, आणि पुढे एचआर सांभाळलं. आता नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचे बायोडाटा दुरुस्त करून देते, मुलाखतीची तयारी करून घेते. त्या कागदांवर मला एक कारण दिसतं, जे तुमच्या यादीत कधीच नसतं. ते म्हणजे माणसं चालवायची तुमची रीत. कोण कुणाच्या हाताखाली लागला यावर त्याची पुढची वीस वर्षं कुठे जाणार हे बरंचसं ठरून जातं, आणि ठरवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तुमच्याकडे आठ-दहा वर्षं काढलेला सुपरवायझर माझ्यासमोर बसतो. बायोडाटात एक ओळ असते: ‘सर्व प्रकारची कामे पाहिली.’ मी विचारते, हाताखाली माग किती होते? तो सांगतो. माणसं किती? तेही सांगतो. डॅमेज किती निघायचा, तुम्ही सुपरवायझर झाल्यावर कमी झाला का? मालकांना माहीत. एका टॉवेलला खर्च किती पडतो? ते मालक बघतात. सूत काय भावाने आलं, माल कुठल्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, गेला, परत आला तर का परत आला? मालक, मालक, मालक.

हा माणूस बुद्धीने कमी नाही. शेडमध्ये शिरल्या शिरल्या नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय ते सांगेल. जकार्डचं डिझाइन लावताना डोळे मिटून काम करेल. पण कारखान्याचा जेवढा तुकडा त्याला दाखवला तेवढाच त्याने पाहिला. बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, कारण आकडे तुमच्या ड्रॉवरमध्ये, पार्ट्या तुमच्या मोबाइलमध्ये आणि निर्णय तुमच्या डोक्यात. दहा वर्षांत त्याचा हात तयार झाला, बायोडाटा कोराच राहिला.

गारमेंटमधल्या एका मुलीचं उदाहरण देते. गणवेशाच्या ऑर्डरचं सगळं तीच बघायची. सॅम्पल पाठवणं, मापांचा गोंधळ निस्तरणं, बटणं-चेन-लेबल वेळेवर येतात का ते पाहणं, डिस्पॅचची तारीख सांभाळणं. पार्टीला जाणारा प्रत्येक मेल ती लिहायची, पण जायचा शेठजींच्या आयडीवरून आणि खाली त्यांचंच नाव. हैदराबादच्या पार्टीला वाटायचं, शेठजींचं इंग्रजी काय सुंदर आहे! पुण्यात मुलाखतीला विचारलं, तुम्ही स्वतः बायर हाताळलेत का? ती म्हणाली, नाही, सर हाताळायचे. मुलगी खोटं बोलली नाही. पण खरंही बोलली नाही, कारण आपण जे करत होतो त्याला बायर हाताळणं म्हणतात, हे तिला कुणी कळूच दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ही बाई आता गाऱ्हाणी घेऊन आली. तर गाऱ्हाण्यापलीकडचं थोडं सांगते. जपानमध्ये मित्सुरू वाकाबायाशी आणि जॉर्ज ग्रेन या संशोधकांनी एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एकदमच नोकरीला लागलेल्या ८५ पदवीधर तरुणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सात वर्षांचे निष्कर्ष १९८४ साली छापले गेले. पहिल्या तीन वर्षांत थेट वरच्या साहेबाशी ज्याचं कामाचं नातं चांगलं जुळलं होतं, तो सातव्या वर्षी बढती, पगार आणि बोनस या तिन्हींत पुढे असल्याचं त्यात दिसलं. कामाचं नातं म्हणजे साहेबाची पिशवी उचलणं नव्हे, आणि साहेबाने चहा पाजणंही नव्हे. साहेब अवघड काम विश्वासाने सोपवतो का, आतली माहिती देतो का, अडचणीत मागे उभा राहतो का, हे तिथे मोजलं गेलं.

यावर एक रास्त शंका निघते. हुशार पोरावर साहेब आपोआपच खूश असतो, मग श्रेय साहेबाचं कसं? शंका बरोबर आहे, आणि असल्या अभ्यासातून ती पुरती फिटत नाही. अंगची कुवतही त्या जपानी आकड्यांत दिसतेच. पण अमेरिकेत एटी अँड टी कंपनीतल्या तरुण मॅनेजरांवर डेव्हिड बर्ल्यू आणि डग्लस हॉल यांनी केलेला, १९६६ साली छापलेला अभ्यास याच्या जोडीला ठेवून बघा. ज्यांच्याकडून पहिल्याच वर्षी जास्त अपेक्षा ठेवल्या गेल्या, ज्यांना पहिल्याच वर्षी कस लागेल असं काम मिळालं, ते पुढच्या काही वर्षांत इतरांपेक्षा पुढे गेलेले दिसले. आता पहिल्या वर्षी कुणाला कुठलं काम मिळणार, हे काही नवा पोरगा ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता, आणि बहुतेक वेळा सकाळी साडेनऊला, घाईत, समोर जो दिसेल त्याला.

सोलापुरात हे अधिक लागतं, याचं कारण या शहराच्या घडणीत आहे. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी बऱ्याचदा घरातली पहिलीच ऑफिसात बसणारी असते. आई बिड्या वळते, वडील मागावर. काका कुठल्या कंपनीत मॅनेजर नाही, मामा बँकेत नाही. मुलाखतीत काय बोलायचं, पगार कसा मागायचा, बढती मागता येते की ती फक्त मिळते, हे सांगणारं घरात कुणी नाही. पुण्यातल्या कोथरूडच्या मुलीला वाईट साहेब भेटला तर ती घरी जाऊन बापाला विचारते आणि महिन्यात दुसरी नोकरी बघते. कुंभारीच्या घरकुलातून शेअर रिक्षाने येणाऱ्या मुलीला मात्र नोकरी या प्रकाराची ओळखच तुमच्यापासून होते. तुम्ही दाखवाल ते तिला जगाचं रूप वाटतं. तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात तर तिला वाटतं, साहेब असाच असतो. आणि पुढे तिच्या हाताखाली चार मुली आल्या की तीही तशीच खेकसते.

आता तुमच्या चांगुलपणाविषयी. तो आहे, आणि मी जवळून पाहिलाय. कामगाराच्या मुलीच्या लग्नाला आहेर जातो. मध्यरात्री ॲडमिट करायचं तर शेठजींचा एक फोन जातो आणि खाट मिळते. घरात मयत झाली तर पगार न कापता आठवडाभर सुट्टी. पुण्यातल्या चकचकीत ऑफिसात यातलं काही मिळत नाही, तिथे एचआरचा मेल येतो. म्हणूनच सोलापूरचा माणूस कमी पगारातही वर्षानुवर्षं एका दारात राहतो. पण या मायेच्या आत एक गोष्ट दडलेली असते. लग्नाला पाच हजारांचा आहेर करणारा मालक त्याच माणसाचं नाव व्हिजिटिंग कार्डावर छापायला तयार नसतो. पोराच्या शाळेची फी भरेल, पण कॉस्टिंगची शीट उघडून दाखवणार नाही. घरातल्यासारखा वागवतो हे खरं, पण घरातल्या धाकट्या पोरासारखा. त्याने मोठं व्हायचं नाही, हे न बोलता ठरलेलं.

उचलही त्यातलीच. अडीनडीला उचल मिळते, हे मागवाल्याला देवासारखं वाटतं. पण ती फिटेपर्यंत दुसरीकडे हलता येत नाही. हलायचंच तर दुसरा मालक आधीची उचल भरतो आणि माणूस आपल्याकडे नेतो. म्हणजे त्याच्या पुढे जाण्याचा भाव त्याच्या हातातल्या कसबावर न ठरता डोक्यावरच्या बाकीवर ठरतो. पगाराचा आकडा तोच राहतो, वाढते ती बाकी. याला कुणी ‘नेतृत्वशैली’ म्हणत नाही, पण माझ्या लेखी ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घट्ट बसलेली शैली आहे.

जुनी म्हणजे किती जुनी, तर गिरण्यांइतकी. आपली जुनी मिल १८७७ सालची. गिरण्यांच्या त्या काळात मुंबई काय, सोलापूर काय, कामगाराचं नशीब जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असायचं. कामावर घ्यायचा तोच, काढायचा तोच, चांगला माग कुणाला द्यायचा हेही तोच ठरवायचा, आणि या सगळ्याचा मोबदलाही घ्यायचा. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर कडक ताशेरे ओढले आणि कामगार भरती त्याच्या हातून काढून घ्यायला सांगितली. पुढे गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या. अहवाल निघून नव्वदहून जास्त वर्षं झाली, तरी छोट्या कारखान्यात ‘त्याची मर्जी’ ही चीज तशीच शाबूत आहे. फरक एवढाच, जॉबर निदान शेडमध्ये उभा असायचा. आताचे मालक पुण्याच्या फ्लॅटमधून मोबाइलवर सीसीटीव्ही बघतात आणि फोन करून विचारतात, तीन नंबरच्या मागाजवळ दोघं कशाला उभे आहेत?

त्या सीसीटीव्हीवरून एक आठवलं. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ साली छापलेला एक प्रयोग मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला सगळेच शिकतात. तुमच्या एमबीए झालेल्या चिरंजीवांनीही शिकला असेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी हस्तकलेची कामं दिली. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख, काहींना विचारून ठरवणारा, काहींना नुसताच बसून राहणारा. हुकूमवाल्याकडे काम भरपूर व्हायचं, हे कबूल करायला हवं. पण तो खोलीबाहेर गेला की मुलं काम टाकून द्यायची. विचारून ठरवणाऱ्याचा गट मात्र तो नसतानाही बऱ्यापैकी काम करत राहायचा. नुसत्या बसून राहणाऱ्याकडे काम सगळ्यात कमी आणि सगळ्यात वाईट. दहा वर्षांच्या पोरांवरून मागवाल्यांची परीक्षा करू नये, हे मलाही कळतं. तरीपण ‘मी दोन दिवस बाहेरगावी गेलो की प्रॉडक्शन पडतं’ असं तुम्ही अभिमानाने सांगता ना, तेव्हा मला हा प्रयोग हमखास आठवतो. तुम्ही नसताना प्रॉडक्शन पडतं, ही तुमची थोरवी समजायची की तुमच्या कारखान्यात दुसरं कुणी तयारच झालं नाही असं समजायचं?

नुसताच बसून राहणारा प्रमुख आपल्याकडे नाही, असंही मानू नका. तो पुढच्या पिढीत आलाय. वडिलांनी हुकूम सोडून कारखाना चालवला, त्याचा पोराला उबग आला. म्हणून तो सगळ्यांना म्हणतो, तुम्हीच बघा, माझा विश्वास आहे. ऐकायला गोड वाटतं. पण सुताचा भाव वाढल्यावर पार्टीला दर वाढवून सांगायचा अधिकार त्या मॅनेजरकडे नसतो, नवी सुई मागवायची तरी वडिलांची सही लागते, आणि नुकसान झालं की मग ‘तुम्ही बघत होतात ना?’ असं विचारलं जातं. अधिकाराशिवाय सोपवलेली जबाबदारी माणसाला वर चढवत नाही, नुसती दमवते. असे मॅनेजर मी चाळिशीत रक्तदाबाच्या गोळ्या घेताना पाहिलेत.

त्यापेक्षा वाईट म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. कारखान्याच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला खराब टॉवेलचा फोटो पडतो, खाली सुपरवायझरचं नाव आणि तीन प्रश्नचिन्हं. ग्रुपवर त्याच्या हाताखालचे तीसजण असतात. दुसऱ्या दिवशी तो माणूस शेडमध्ये कुठल्या तोंडाने हुकूम देणार? चूक सांगायलाच हवी, टॉवेल खरंच खराब असतो. पण ती सकाळी, शेडच्या बाहेर बोलावून, कशामुळे झाली हे विचारून सांगितली तर तो माणूस पुढच्या वेळी चूक स्वतःहून घेऊन येतो. ग्रुपवर उघडा पडलेला माणूस पुढची चूक बंडलात खाली दाबतो, आणि ती पार्टीच्या गोदामात उघडी पडते.

आता तुमचा खरा मुद्दा. ‘शिकवलं की पळतात.’ कॉस्टिंग दाखवलं, पार्टीची ओळख करून दिली, आणि वर्षभरात पठ्ठ्याने चार माग टाकून आमचीच पार्टी नेली. हे घडतं. मी नाकारत नाही, आणि ज्याच्यावर बेततं त्याची झोप उडते हेही पाहिलंय. पण मालक, हा धंदा सोलापुरात वाढला कसा, ते आठवा. तेलंगणातून आलेले विणकर दुसऱ्याच्या मागावर बसले, शिकले, आपला माग टाकला, मग चार टाकले, मग शेड बांधली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आजोबांचा फोटो आहे, आणि ते आजोबा कुणाच्या तरी कारखान्यातून ‘पळालेले’च होते. त्यांच्या मालकाने त्यांना सगळं झाकून ठेवलं असतं तर आज सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळवून द्यायला उरलं असतं कोण?

दुसरं उदाहरण थोडं मोठ्या माणसाचं. वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. पैशाला कमी नसलेल्या घरातला हा तरुण रेल्वेच्या कंत्राटांत शिरला, तो लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाला भागीदार करून. काम फाटकांना कळत होतं, भांडवल यांच्याकडे होतं. फाटकांना पगारावर ठेवून घेणं काही अवघड नव्हतं. पण फर्म निघाली ती ‘फाटक-वालचंद’. पुढे जहाज, विमान, मोटार या सगळ्यांत ज्यांचं नाव झालं, त्यांच्या पहिल्या मोठ्या फर्मच्या पाटीवर कारकुनाचं नाव आधी होतं. आपल्या गावात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथली मुलं तुमच्याकडे इंटर्नशिपला येतात, तेव्हा तुम्ही त्यांना झेरॉक्स काढायला पाठवता. असो.

एक कारखानदार मला माहीत आहेत. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांनी आपल्या कटिंग मास्टरला प्रदर्शनाच्या स्टॉलवर उभं केलं. म्हणाले, पार्टीने कापडाबद्दल विचारलं तर मी गप्प बसणार, तू बोलायचंस. पहिल्या दिवशी तो घामाघूम झाला. तिसऱ्या दिवशी पार्ट्या थेट त्यालाच विचारू लागल्या. परत आल्यावर त्यांनी त्याच्यासमोर एका शर्टाचा हिशोब कागदावर मांडला: कापड इतकं, शिलाई इतकी, वाया जाणारं इतकं, माझा नफा इतका. नफा दाखवला म्हणून नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. तो कटिंग मास्टर काही वर्षांनी खरंच गेला आणि शिलाईचं छोटं युनिट टाकलं. आज त्याच्या मशिनी निम्मा वेळ याच कारखानदारांच्या जॉबवर्कवर चालतात. घाईच्या ऑर्डरला रात्री फोन केला तरी नाही म्हणत नाही. शिवाय त्यांच्या कारखान्यात कामाला यायला पोरं रांगेत असतात, कारण गावात एक गोष्ट पसरलीय, की त्या दारातून माणूस काहीतरी होऊन बाहेर पडतो. सगळीकडे असंच गोड होईल, असा माझा दावा नाही. पण झाकून ठेवणाऱ्यांची माणसंही जातातच ना? ती नुसती न शिकता जातात, एवढाच काय तो फायदा.

बायकांबद्दल थोडं, कारण ते कुणी लिहीत नाही. शिलाई मशीनवर ओळीने बायका आणि लाइन सुपरवायझर पुरुष, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता ते नैसर्गिक वाटायला लागलंय. विचारलं की उत्तर तयार: त्यांना संध्याकाळी थांबता येत नाही. का थांबावं लागतं? कारण मालक दुपारी जेवून झोपतात आणि उद्याचं प्लॅनिंग रात्री आठला करतात! एका ठिकाणी ही बैठक दुपारी तीनला आणली, एवढंच केलं. काही महिन्यांत मशीनवरची एक बाई लाइन बघू लागली. तिच्या कर्तबगारीत त्या पाच तासांनी काहीही भर पडली नव्हती. ती आधीपासून तेवढीच होती, फक्त तिच्या घरी परतायच्या वेळेला तुमची बैठक भरत होती.

गूगलने २००८च्या सुमारास आपल्याकडे मॅनेजर खरंच लागतात का, हे तपासायला घेतलं आणि चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयींची यादी काढली. त्यात पहिली सवय शिकवण्याची, दुसरी बारीकसारीक गोष्टींत नाक न खुपसण्याची. हाताखालच्याच्या करिअरला मदत करणं हेही त्यात होतं, आणि स्वतःचं तांत्रिक ज्ञान शेवटच्या, आठव्या नंबरावर. मला त्यातला आठवा नंबर महत्त्वाचा वाटतो. मागाची सगळी खोड तुम्हालाच कळते, म्हणून तुम्ही मालक म्हणून मोठे, असं तुम्ही धरून चालता. ती खोड तुमच्याशिवाय आणखी किती जणांना कळते, हे कुणी मोजतच नाही.

माझं मागणं फार नाही. तुमच्या प्रत्येक सुपरवायझरला किमान एका पार्टीशी थेट बोलू द्या, त्याच्या नावाने, त्याच्या मेलवरून. एका मालाचा हिशोब त्याच्यासमोर मांडा. पुरता नको तर निम्मा. दिवाळीच्या बोनसचं पाकीट देताना पाच मिनिटं जास्त बसवा आणि विचारा, पुढच्या दिवाळीपर्यंत तुला काय शिकायचंय? पहिल्या वर्षी तो ‘काही नाही साहेब’ म्हणेल, कारण हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारलेला नसतो. दुसऱ्या वर्षी परत विचारा.

आणि कुणी सोडून चालला तर त्याला अनुभवाचा दाखला द्या. हे लिहावं लागतंय याचीच मला चीड येते. दाखल्यासाठी दोन-दोन महिने खेटे घालणारी मुलं माझ्याकडे येतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकायची तर ‘अकाउंटंट रजेवर आहे’. हा राग काढायचा एक प्रकार आहे, आणि त्यात तुमचं काही वाचत नाही. दाखल्यात ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढं लिहून भागवू नका. किती माणसं सांभाळली, कुठली मशिनरी, कुठला माल, कुठली जबाबदारी, हे चार ओळींत लिहा. पुण्याचा साहेब त्या चार ओळी वाचतो. त्याला तुमच्या कारखान्याचं नावही त्यातूनच कळतं.

चिरंजीवांना एक वेगळी विनंती. परदेशातून किंवा पुण्याहून शिकून आलात, आनंद आहे. पण पहिल्याच आठवड्यात वीस वर्षं कारखाना पाहिलेल्या मॅनेजरकाकांच्या केबिनमध्ये खुर्ची टाकून त्यांना बाहेरच्या टेबलावर बसवू नका. सहा महिने त्यांच्याबरोबर शेडमध्ये उभं राहा. ते तुम्हाला ‘छोटे मालक’ म्हणतील, तुम्ही त्यांना काकाच म्हणा. त्यांना जे येतं ते कुठल्या एमबीएत शिकवत नाहीत. मात्र तुम्हाला जे येतं, ते एक्सेल, निर्यातीची कागदपत्रं, ऑनलाइन विक्री, तेही त्यांना शिकवा. पन्नाशीतला माणूस शिकत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याला आजवर कुणी विचारलंच नाही, एवढंच असतं.

हे वाचून कुणी रागावेल, कुणी म्हणेल, बाईने कधी एक माग टाकून बघावा, मग कळेल. ते मान्य. सुताचे भाव, वीजबिल, पार्टीची सहा-सहा महिन्यांची उधारी, हे मी पगारपत्रकावर सही घ्यायला तुमच्या केबिनमध्ये येत होते तेव्हा रोज ऐकलंय. कारखाना चालवणं सोपं नाही. पण वरच्या यादीतल्या एकाही गोष्टीला सूत लागत नाही, वीज लागत नाही, बँकेचं कर्ज लागत नाही.

गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीत मी मोकळी आहे. कुणाच्या कारखान्यात बोलावलंत तर सुपरवायझर आणि लाइनवरच्या बायकांना कॉस्टिंगची शीट वाचायला आणि स्वतःच्या कामाबद्दल बोलायला शिकवायला येईन, पैसे नकोत. अट एकच. तुम्हीही त्या खोलीत बसायचं, आणि पहिला अर्धा तास काही बोलायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
टाइम ऑफिसमधली एक जुनी कर्मचारी,
सोलापूर